निरोपाच्या भाषणातला देश

यंदा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी माझ्या शाळेत दहावीच्या निरोप समारंभाला प्रमुख पाहुणा म्हणून गेलो होतो. प्रमुख पाहुणा म्हणजे गावातला असा मुलगा, जो हिंजवडीत नोकरी करतो आणि शनिवारी रजा न टाकता येऊ शकतो. शाल, श्रीफळ, गुलाबाचं एक फूल, आणि नववीतल्या मुलीने कागदावरून वाचलेला माझा परिचय, ज्यात ‘आयटी क्षेत्रात उत्तुंग भरारी’ असे शब्द होते. (भरारी म्हणजे रोज जाऊन-येऊन तीन तास बस.)

मी नऊ मिनिटं बोललो. कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं आणि रात्रीपर्यंत आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकलं. सोमवारी बसमध्ये कानात इअरफोन घालून मी स्वतःचं भाषण ऐकलं आणि दोन थांबे आधीच उतरावंसं वाटलं. नऊ मिनिटांत मी ‘देश’ हा शब्द चौदा वेळा उच्चारला होता. त्या शब्दाबरोबर आलेली क्रियापदं मी मोजली: सेवा करा, नाव उज्ज्वल करा, विसरू नका, ऋण फेडा. यातलं एकही काम समोर बसलेल्या मुलांना त्या सोमवारी करता आलं नसतं. पुढच्या सोमवारीही नाही. खरं तर मलाही करता आलं नसतं, कारण त्यांचा अर्थ मला माहीत नव्हता. मी जाताना ठरवून गेलो होतो की नेहमीचं बोलायचं नाही. माईकसमोर उभा राहिलो आणि तेरा वर्षांपूर्वी त्याच पटांगणात ऐकलेलं भाषण माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं.

एखादी गोष्ट न ठरवता, पाठ न करता इतकी अचूक बाहेर येत असेल, तर ती रचना म्हणून मजबूत असणार. म्हणून मी या भाषणाकडे एक वाङ्मयप्रकार म्हणून बघायचं ठरवलं. कीर्तनावर, पोवाड्यावर, लावणीवर प्रबंध झाले. महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुलं दहावीला बसतात आणि त्यातली बहुतेक परीक्षेच्या आधी सतरंजीवर बसून मुख्याध्यापकांचं निरोपाचं भाषण ऐकतात. इतका मोठा आणि इतका हक्काचा श्रोतृवर्ग मराठीत दुसऱ्या कुठल्या प्रकाराला असेल असं मला वाटत नाही. समीक्षा मात्र शून्य. जेवणाच्या आधीचं असल्यामुळे असेल.

या प्रकाराची सुरुवात ठरलेली असते: पाखरं, घरटं, पंखात बळ. मग शाळेने काय दिलं. मग परीक्षेच्या सूचना, हॉलतिकीट विसरू नका वगैरे. (हा भाग सगळ्यात चांगला असतो. त्यात सरांचा आवाज खरा लागतो.) आणि शेवटी, आवाज एक पट्टी वर चढवून, देश. देशाचं प्रकरण नेहमी शेवटी येतं आणि जवळजवळ नेहमी एकाच शब्दप्रयोगाने सुरू होतं: ‘तुम्ही उद्याचे नागरिक आहात.’

उद्याचे का? कायद्याने ती मुलं जन्मल्या दिवसापासून नागरिक आहेत. मतदान अठराव्या वर्षी मिळतं, तेही 1988 च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनंतर. आमच्या आई-वडिलांच्या पिढीने ‘उद्याचे नागरिक’ ऐकलं तेव्हा त्यांना एकवीसपर्यंत थांबायचं होतं. पण मतदार असणं आणि नागरिक असणं या दोन गोष्टी आहेत आणि भाषण त्या एक करून टाकतं. माहितीचा अधिकार 2005 च्या कायद्याने सर्व नागरिकांना दिला, त्यात वयाची अट नाही. 2012 च्या सुमारास लखनौच्या एका शाळकरी मुलीने पंतप्रधान कार्यालयाला अर्ज केला होता, की गांधीजींना ‘राष्ट्रपिता’ ही पदवी सरकारने कधी दिली. अर्ज या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरला, आणि तशी नोंद सापडत नाही असं निघालं. हा प्रश्न कुठल्याही निरोप समारंभातल्या देशापेक्षा देशाच्या जास्त जवळ जातो. ती मुलगी उद्याची नागरिक नव्हती. ‘उद्याचे’ या विशेषणाचं काम एवढंच असतं, की आज समोर बसलेल्या मुलांनी आज काही विचारू नये. शाळेच्या शौचालयाला कडी का नाही, हेसुद्धा.

मग येतं ‘नाव’. आई-वडिलांचं नाव, शाळेचं नाव, गावाचं नाव आणि देशाचं नाव, अशी चार पायऱ्यांची शिडी आहे आणि चारही पायऱ्यांना क्रियापद एकच: उज्ज्वल करणे. मराठीत हा वाक्प्रचार इतका रुळलाय की त्यातली गंमत दिसत नाही. यात देश म्हणजे मोठं कुटुंब, आणि कुटुंबाशी आपलं नातं काय, तर आपण काहीतरी चमकदार करायचं आणि घरच्यांनी पेढे वाटायचे. जो चमकणार नाही त्याच्यासाठी या वाक्यात जागा नाही. आमच्या वर्गातल्या चोपन्न मुलामुलींपैकी नाव उज्ज्वल करणारे, शाळेच्या हिशेबाने, तीन-चार निघाले. त्यातला एक म्हणून मला शाल मिळाली. उरलेले पन्नास जण कर भरतात, गॅसची सबसिडी आली का बघतात, मुलांना लस टोचून आणतात, ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी नाही म्हणून भांडतात. देश त्यांच्यावर चालतो. भाषणात ते नसतात.

‘ऋण’ हा शब्द मला त्याहून जास्त छळतो. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण या जुन्या हिशेबात देशाचं ऋण नंतर कधीतरी बसवलं गेलं. कर्ज म्हटलं की मला मुद्दल, व्याज, हप्ता आणि मुदत विचारावीशी वाटते; हा माझ्या व्यवसायाचा दोष असेल. भाषणातल्या कर्जाला यातलं काहीच नसतं. त्यामुळे ते कधी फिटत नाही आणि, हे जास्त महत्त्वाचं, ते कधी कुणी वसूलही करत नाही.

आणि मग दोन चित्रं. एक सीमेवरचा जवान, उणे तापमानात उभा. दुसरं केळीचं साल, जे रस्त्यावर टाकायचं नाही. देशासाठी मरा, किंवा कचरा डब्यात टाका. या दोन टोकांच्या मधे पंचायत समिती, तलाठी कार्यालय, मतदारयादी, रेशनकार्ड, न्यायालयाची तारीख, शाळा व्यवस्थापन समिती एवढं सगळं पसरलेलं आहे आणि त्यातलं एक अक्षर भाषणात येत नाही. मुलींसाठी तिसरं चित्र असतं: जिजाऊ आणि सावित्री. जिजाऊंनी मुलगा घडवला हे सांगितलं जातं. सावित्रीबाईंनी शेण झेललं हे सांगितलं जातं. 1848 मध्ये भिडेवाड्यात शाळा चालवायला जागा, पैसे, पट आणि रोज सकाळी जाऊन शिकवणं लागत होतं, हे सांगितलं जात नाही. संस्था चालवणं हे देशभक्तीच्या चित्रात कुठेच दिसत नाही. एक संस्था चालवणारा माणूस, एका संस्थेच्या पटांगणात उभा राहून बोलत असताना.

यावर कुणी म्हणेल की भाषणाकडून एवढी अपेक्षा कशाला, पुस्तकात नागरिकशास्त्र आहेच. आहे. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर तर प्रतिज्ञाही आहे, आणि तिच्याबद्दल मला थोडं बोलायचंय, कारण मी ती दहा वर्षं रोज म्हटली आणि ती कुणी लिहिली हे मला इंजिनिअरिंग झाल्यावर कळलं. पैडीमर्री वेंकट सुब्बाराव नावाच्या तेलुगू लेखकाने ती 1962 मध्ये लिहिली. ते विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते, म्हणजे बिलं, पगार, पेन्शन बघणारे. 1965 पासून ती देशभरच्या शाळांत म्हटली जाऊ लागली. पाठ्यपुस्तकात तिच्याखाली त्यांचं नाव नसायचं.

1962 म्हणजे चीनच्या युद्धाचं वर्ष. त्या वर्षी लिहिलेल्या मजकुरात शत्रू नाही, सीमा नाही, रक्त नाही. विविधतेचा अभिमान आहे, वडीलधाऱ्यांचा मान आहे, प्रत्येकाशी सौजन्याने वागणं आहे, आणि आपलं सुख देशबांधवांच्या भल्यात शोधणं आहे. दिवसभर ट्रेझरीत बसणाऱ्या माणसाने युद्धाच्या सावटात शाळकरी मुलांसाठी लिहिताना सौजन्य निवडलं, हे मला आज फार मोठं वाटतं. ते मुलांना आज करता येतं. वर्गातल्या शेजारच्या मुलाशी करता येतं. आमच्या निरोपाच्या भाषणांनी प्रतिज्ञेचा अभिमान उचलला आणि सौजन्य खाली ठेवलं. अर्थात प्रतिज्ञेतही विचारणं, तपासणं, हरकत घेणं ही क्रियापदं नाहीत. ती एका चांगल्या मुलाची प्रतिज्ञा आहे.

ती क्रियापदं संविधानात आहेत, आणि विशेष म्हणजे हक्कांच्या भागातच नाही, कर्तव्यांच्या भागातही आहेत. कलम 51अ आणीबाणीत आलं, 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने. लोकांचे हक्क गुंडाळून ठेवलेले असताना त्यांना कर्तव्यं सांगितली गेली, हे मूळ विसरू नये. तरी यादी वाचण्यासारखी आहे. राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर त्यात आहे, सार्वजनिक मालमत्ता जपणं आहे. ही दोन कर्तव्यं भाषणात दरवर्षी येतात. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या प्रथा सोडून देणं हेही त्यात आहे. वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद, शोधक वृत्ती आणि सुधारणेची वृत्ती वाढवणं हेही आहे. ही दोन मी आजवर एकाही निरोप समारंभात ऐकली नाहीत. ज्या गावात हुंडा ‘मानपान’ या नावाने चालू आहे आणि पेपरच्या दिवशी लिंबू-मिरची बांधली जाते, तिथे ही दोन कर्तव्यं म्हणजे मुलांना घरी जाऊन भांडण करायला सांगणं आहे. केळीचं साल त्या मानाने निरुपद्रवी. आणखी एक: कर्तव्यांचा विचार करणाऱ्या स्वर्णसिंग समितीने कर भरणं हेही कर्तव्यांत घालावं असं सुचवलं होतं. ते घातलं गेलं नाही. घातलं असतं तर भाषणाला एक तरी आकडा मिळाला असता.

शाळेने देशभक्ती मागितली आणि मुलांनी वेगळ्या पद्धतीने दिली तर काय होतं, याचं उत्तर 1985-86 मध्ये केरळमधल्या एका प्रकरणाने दिलंय. तीन भावंडं, यहोवाज् विटनेसेस पंथाची, थोरला दहावीत. राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी राहत, पण गात नसत; तो त्यांच्या श्रद्धेचा भाग होता. वरून आलेल्या सूचनेनुसार मुख्याध्यापिकेने त्यांना शाळेतून काढलं. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 1986 मध्ये मुलांच्या बाजूने कौल दिला: उभं राहणं हा आदर आहे, गायलाच हवं असा कायदा नाही. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी शेवटी सहिष्णुतेची आठवण करून दिली आणि ती पातळ करू नका असं बजावलं. मी हे प्रकरण वाचलं तेव्हा मला तो दहावीतला मुलगा दिसला. त्याच्या शाळेतही निरोप समारंभ झाला असेल आणि तिथेही कुणीतरी सांगितलं असेल, तुम्ही उद्याचे नागरिक आहात.

इथवर मी फक्त दोष काढले. तर मग चांगलं निरोपाचं भाषण कसं असतं? माझ्या माहितीतलं एक पुण्यातच झालंय, सप्टेंबर 1902 मध्ये. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन कॉलेज सोडून निघाले आणि विद्यार्थ्यांनी दिलेल्या निरोपाला त्यांनी उत्तर दिलं. भाषण इंग्रजीत आहे, फार लांब नाही. त्यात ते एक गोष्ट सांगतात: समुद्रकाठी राहणारा एक माणूस, घर आहे, शेत पिकतंय, बायकामुलं आहेत, लोकांना वाटतं हा सुखी, पण समुद्र त्याला खुणावत राहतो. गोखले म्हणतात, माझी अवस्था तशीच आहे. कॉलेज हे ते घर आणि ते शेत, आणि मी निघालोय ते सार्वजनिक जीवनाच्या वादळी, बेभरवशाच्या पाण्यात.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कुठे काय वेगळं आहे ते चटकन कळलं नाही. आमच्या सरांच्या भाषणातही समुद्र असतो, होडी असते, वादळ असतं. मग लक्षात आलं: गोखल्यांच्या होडीत गोखले बसलेत. आपल्या निरोपाच्या भाषणात बोलणारा किनाऱ्यावर उभा असतो आणि पंधरा वर्षांच्या मुलांना ढकलत असतो. धोका ऐकणाऱ्याचा, टाळ्या बोलणाऱ्याला. गोखले विद्यार्थ्यांना देशासाठी काय करा ते फारसं सांगतच नाहीत. ते स्वतः काय करायला निघालेत आणि त्यात बुडण्याची शक्यता किती आहे ते सांगतात, आणि मग त्यांचं बोलणं कॉलेजकडे वळतं. या कॉलेजची किंमत कशात आहे? तर आपल्यातली माणसं ऐहिक फायदा बाजूला ठेवून, एरवी धर्मासाठी दाखवतात ती निष्ठा एका ऐहिक कामासाठी एकत्र येऊन दाखवू शकतात, हे त्याने सिद्ध केलंय यात. म्हणजे देश कुठे आहे, तर या इमारतीत, या वीस-पंचवीस जणांच्या करारात.

तो करार अलंकारिक नव्हता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याने वीस वर्षं संस्थेला द्यायची आणि पगार पंचाहत्तर रुपये. मुद्दल, मुदत, हप्ता, सगळं लिहिलेलं. त्यागाला आकडा असला की त्यावरून भांडताही येतं, आणि ते भांडलेच; बाहेरच्या कमाईचं काय, यासारख्या बाबींवरचे वाद वाढत जाऊन टिळक 1890 मध्ये सोसायटीतून बाहेर पडले. आम्हाला शाळेत टिळक-गोखले म्हणजे जहाल-मवाळ एवढंच शिकवलं. त्यांच्यातला सगळ्यात देशभक्तिपर वाद पगारपत्रकावरून आणि शपथेच्या अर्थावरून झाला होता हे कुणी सांगितलं असतं तर मला इतिहास आवडला असता.

गोखल्यांची तुलना सरसकट लावता येत नाही, हे मला कळतं. त्यांच्यासमोर बसलेले विद्यार्थी मूठभर होते, बहुतेक एका जातीचे, जवळजवळ सगळे पुरुष. आमच्या पटांगणात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली दोन मुलं होती, मुली मुलांपेक्षा जास्त होत्या, आणि मागच्या रांगेत एकजण परीक्षेनंतर लगेच वडापावच्या गाडीवर उभा राहणार होता. या सगळ्यांना एकाच वेळी काही सांगायचं तर मोठे, पोकळ शब्द सोयीचे पडतात. मोठा शब्द कुणाच्याच अंगाला घट्ट होत नाही.

पण काहींच्या होतो. आमचा सातारा जिल्हा. इथे आपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, नावातच मिलिटरी. आमच्याकडे जवान ही उपमा नाही, ती नोकरी आहे: पगार, कॅन्टीन, पेन्शन, आणि जमीन अर्धा एकर असलेल्या घरातला एकमेव सुटण्याचा रस्ता. माझ्या बाकावरच्या मित्राचा धाकटा भाऊ आमच्या तीन वर्षं मागे होता. त्याने ते सीमेवरचं चित्र 2016 मध्ये ऐकलं आणि शब्दशः घेतलं. पहाटे साडेचारला उठून डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर. पहिल्या भरतीत कागद कमी पडले, दुसरीत मेडिकल. मग करोना आला आणि दोन वर्षं भरतीच झाली नाही. सैनिक जीडीसाठी वयाची मर्यादा एकवीस. तो पळत असतानाच एकविसाचा होऊन गेला. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली, त्या एका वर्षापुरती मर्यादा तेवीस केली गेली. चार वर्षांची नोकरी, त्यातले पंचवीस टक्के पुढे कायम. तिथेही तो निवडला गेला नाही. आता शिरवळच्या एका कंपनीत कंत्राटदाराकडून कामाला आहे. मी या लेखासाठी त्याला फोन केला आणि सरांच्या भाषणाबद्दल विचारलं. त्याला ते माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं. म्हणाला, “सरांनी काय चुकीचं सांगितलं नव्हतं, दादा. मीच कमी पडलो.”

या वाक्यावर मला भाषण नापास करावंसं वाटतं. ज्या भाषणाने मुलाला देश दिला त्याने भरतीचं वेळापत्रक, वयाची अट आणि भरती थांबली तर कुणाला विचारायचं हे दिलं नाही. आणि देश मिळाला नाही तेव्हा तो म्हणतोय मीच कमी पडलो.

एक चमत्कारिक गोष्ट. चार वर्षं इंजिनिअरिंग करून 2019 मध्ये मी बाहेर पडलो, तिथेही निरोप समारंभ झाला. हॉटेलात, डीजेसह. प्राचार्य बोलले, ट्रेनिंग अँड प्लेसमेंटचे सर बोलले, स्टीव्ह जॉब्जच्या 2005 च्या स्टॅनफर्डच्या भाषणाचा तुकडा पडद्यावर दाखवला. देश हा शब्द एकदाही आला नाही. पॅकेज आला. म्हणजे पंधराव्या वर्षी, जेव्हा आमच्याकडे मत नव्हतं, पगार नव्हता, करार करायचा अधिकार नव्हता, तेव्हा आमच्याकडे देशासाठी सर्वस्व मागितलं गेलं. एकविसाव्या वर्षी, जेव्हा हे सगळं हाताशी आलं, तेव्हा कुणी काहीच मागितलं नाही. लोकसभेच्या निवडणुकीत 7 मे 2024 ला साताऱ्याचं मतदान होतं. माझं नाव अजून गावच्या यादीत आहे. मंगळवार होता, आमचं रिलीज होतं, मी गेलो नाही. यादीतलं नाव पुण्यात आणायला एक फॉर्म भरावा लागतो, तोही मी आजतागायत भरलेला नाही. मला सुट्टी मागता आली असती. मी मागितली नाही. यानंतर दोन वर्षांनी मी शाल पांघरून ‘देश’ चौदा वेळा म्हणालो.

सरांच्या यंदाच्या भाषणाबद्दल मी अजून काही म्हटलेलं नाही. ते माझ्यानंतर बोलले, अठरा मिनिटं. पाखरं, हॉलतिकीट, कारगिल, केळीचं साल. त्यांचं हे शेवटचं निरोपाचं भाषण. मे अखेर ते निवृत्त होतायत. आवाज मधे एकदा दाटला. मी स्टेजवर शेजारी बसून ऐकत होतो आणि मला एकदम 2011 आठवलं.

मी आठवीत होतो. त्या फेब्रुवारीत जनगणना होती, 9 ते 28, आणि सर, तेव्हा साधे शिक्षक, आमच्या वाडीचे प्रगणक होते. शाळा सुटली की खांद्याला पिशवी लावून घरोघर. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी आईला विचारलं, शिक्षण किती. आई लाजून म्हणाली सातवी, आणि सरांनी ‘सातवी’ असं मोठ्याने म्हणत नीट लिहिलं, जणू काही ती पदवी आहे. आजीचं वय ठरवायला अर्धा तास गेला. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा तुम्ही केवढ्या होता, अशा हिशेबाने. उसाच्या फडाकडेच्या कोप्यांत जाऊन त्यांनी बीडहून आलेली माणसं मोजली. आणि 28 फेब्रुवारीच्या रात्री, ज्यांना घर नाही त्यांना मोजायची रात्र असते, सर बॅटरी घेऊन एसटी स्टँडवर गेले. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला ते जांभया देत वर्गात आले आणि म्हणाले, “काल रात्री स्टँडवर एक म्हातारा झोपला होता. नाव सांगेना. शेवटी चहा पाजला तेव्हा बोलला. त्याला देशात धरून आलोय.” आणि लगेच फळ्याकडे वळून समीकरणं सुरू केली.

पुढे सर बरीच वर्षं बीएलओ होते. नवीन मतदाराचा फॉर्म नंबर सहा त्यांना तोंडपाठ आहे. आता सतराव्या वर्षीच आगाऊ अर्ज करता येतो आणि वर्षात एकाऐवजी चार पात्रता तारखा असतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. 26 जानेवारीला झेंडावंदन, लेझीम आणि जिलेबी झाली की पोरं घरी जातात आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीत ग्रामसभा असते; शंभर माणसं किंवा पंधरा टक्के मतदार, जे कमी असेल ते, जमत नाहीत म्हणून ती तहकूब होते. सर तिथे बसलेले असतात. अनेकदा शिपाई, ग्रामसेवक आणि सर. गावात देश म्हणून जे काही कागदोपत्री चालतं त्यातलं निम्मं या माणसाच्या हातून गेलंय. शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं देऊ नयेत असं म्हटलं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळून. आणि स्टाफरूममध्ये या कामांना एकच शब्द आहे, कटकट. संघटनांची निवेदनं या कटकटीविरुद्ध असतात आणि ती रास्तही आहेत. पण त्यामुळे असं झालंय की सरांनी आयुष्यभर देशासाठी जे केलं ते त्यांच्या लेखी देशकार्य नाही, आणि जे कधी केलं नाही ते ते दरवर्षी फेब्रुवारीत आवाज चढवून सांगतात.

समारंभानंतर मुलं फोटो काढत होती. आम्ही दोघं ऑफिसात चहा घेत बसलो. मी म्हणालो, “सर, तुम्ही ती स्टँडवरच्या म्हाताऱ्याची गोष्ट का नाही सांगत पोरांना?”

त्यांना आधी आठवेना. मग हसले. “अरे, ते काय सांगायचं? ड्युटी होती ती.” थोडा वेळ बशीतला चहा फुंकत राहिले. “भत्ता पण लवकर नव्हता मिळाला.”

मग म्हणाले, “एकवीसला व्हायची होती, झालीच नाही. आता सत्तावीसला होणार म्हणे, मोबाईलवर. मी तोवर रिटायर.” आणि माझ्याकडे बघून, “तुम्हीच बनवलंय का रे ते अॅप?”

नाही म्हणालो.